गंगेच्या नोंदवहीविषयी : वाराणसीच्या जिल्हाधिकाऱ्यांस खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, वाराणसी, तथा अध्यक्ष, जिल्हा गंगा समिती,
यांचे सेवेशी

महोदय,



ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट यांच्या गल्ल्यांतून अठराव्या शतकापासून जी मराठी वस्ती नांदत आली आहे, तिच्यातील एका घराचा मी रहिवासी असून, आपल्या अखत्यारीत असलेली एक साधी गोष्ट आपण करावी एवढ्या एकाच विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. त्याची हिंदी प्रत आपल्या कचेरीत स्वतंत्रपणे सादर होईल. मराठीत ते प्रकट करण्याचे कारण असे की, या नगरीशी महाराष्ट्राचा संबंध केवळ यात्रेकरूचा नाही. विश्वेश्वराचे मंदिर अहल्याबाई होळकरांनी १७८० साली पुन्हा उभारले, शिंदे घाट बायजाबाईंनी बांधविला, भोसले घाट नागपूरकरांचा, आणि आमच्या वस्तीच्या पायऱ्यांशी पेशव्यांच्या काळच्या नारायण दीक्षित पाटणकरांचे नाव निगडित आहे. ज्या समाजाने या नदीचा काठ दगडांनी बांधून काढला, त्याला त्या दगडांखालून नदीत काय वाहत जाते हे विचारण्याचा अधिकार आहे, असे मी मानतो. आणि आजही आप्तांच्या अस्थी घेऊन, श्राद्धपिंडाचा संकल्प करून जो माणूस सांगलीहून, अकोल्याहून वा नाशिकहून येथे येतो, तो ज्या धर्मशाळेत किंवा लॉजमध्ये उतरतो तिच्या मोरीचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न त्यालाही तितकाच लागू आहे.

माझी मागणी नव्या कायद्याची नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ याच्या पंचविसाव्या कलमान्वये, जो कोणी उद्योग, प्रक्रिया अथवा मलजलाची व्यवस्था चालवून आपले सांडपाणी नदीत, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडतो, त्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यावी लागते, आणि ती संमती अटींसह मिळते : पाणी किती सोडावयाचे, कोणत्या जागेतून सोडावयाचे, त्यात कोणता दोष कोणत्या मर्यादेपलीकडे असता कामा नये, आणि मुदत केव्हा संपते. इतके कारखानदारांना आणि वकिलांना ठाऊक असते. परंतु त्याच कलमाचे सहावे उपकलम असे सांगते की, मंडळाने या अटींची एक नोंदवही ठेवली पाहिजे, आणि एखाद्या निर्गमाशी, म्हणजे सांडपाण्याच्या मुखाशी, ज्याचा हितसंबंध असेल किंवा त्याची ज्याला झळ पोहोचत असेल अशा कोणाही माणसाला, त्या निर्गमापुरती ती वही वाजवी वेळी पाहण्यास खुली असली पाहिजे. संसदेने हे १९७४ साली लिहून ठेवले. माहितीचा अधिकार त्यानंतर एकतीस वर्षांनी आला. गंगेत स्नान करणारा, तिचे पाणी तांब्यात भरून गावी नेणारा, तिच्यावर नाव चालवून पोट भरणारा निषाद, तिच्या वाळूत कलिंगडे लावणारा शेतकरी, यांपैकी कोणाला या शहरातील प्रत्येक मोरीची झळ पोहोचत नाही? आणि तरीही ही वही कोठे आहे, कोणत्या दप्तरात आहे, ती पाहण्यासाठी कोणापुढे अर्ज करावयाचा, हे काशीच्या सामान्य नागरिकाला आज कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही.

वाराणसी जिल्ह्यापुरती ती नोंदवही आपण उघडी करावी, हीच माझी विनंती. पुढे जे लिहितो ते तिच्या समर्थनार्थ.

गंगा कृती योजनेचा आरंभ याच शहरात, राजेंद्रप्रसाद घाटावर, १४ जून १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाला, हे आपण जाणताच. त्या योजनेतून दिनापूर येथे ८० दशलक्ष लिटरांचे, रेल्वे इंजिनांच्या कारखान्याच्या आवारात १२ दशलक्ष लिटरांचे आणि भगवानपूर येथे त्याहून लहान असे, मिळून दररोज सुमारे १०० दशलक्ष लिटर मलजल शुद्ध करण्याची केंद्रे उभी राहिली. घाटाघाटावर पंप बसले. असी नदीचे मुख घाटापासून हटवून नगव्याकडे वळविण्यात आले. हेतू थोर होता आणि खर्चही मोठा झाला. परंतु ती संपूर्ण व्यवस्था विजेवर चालत होती आणि वीज तर या शहरात नेमाने जात होती. पंप थांबला की मल सरळ नदीत, आणि पावसाळ्यात नदी चढली की पंपच बंद. ही गोष्ट प्रथम ज्यांनी आकडे मांडून दाखविली ते वीरभद्र मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत होते आणि त्याच वेळी काशी हिंदू विश्वविद्यालयात जलशास्त्राचे, म्हणजे द्रवाभियांत्रिकीचे, प्राध्यापक होते. पहाटे तुळशी घाटावर स्नान करणारा आणि त्याच घाटावरील प्रयोगशाळेत त्याच पाण्यातील जंतू मोजविणारा हा पुरुष १९८२ पासून, २०१३ साली देह ठेवीपर्यंत, एकच गोष्ट सांगत राहिला : मोजा, आणि मोजलेले लोकांसमोर मांडा. त्यांनी सुचविलेली गुरुत्वाकर्षणाने मल वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची आणि तळ्यांतून शुद्धीकरण करण्याची योजना चांगली की सरकारी योजना चांगली, हा वाद अभियंत्यांनी करावा. मला त्यांचे मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत दिसते. सरकारचे आकडे सरकारच्या फायलीत असताना त्यांनी नदीचे स्वतंत्र आकडे नागरिकांच्या हाती दिले, आणि त्या दिवसापासून गंगेची स्थिती हा श्रद्धेइतकाच पुराव्याचाही विषय झाला.

त्यानंतर पुष्कळ काम झाले, हे न मानणे अन्यायाचे होईल. २०१५ साली मंजूर झालेल्या नमामि गंगे योजनेस २०,००० कोटी रुपयांची तरतूद मिळाली. दिनापूर येथे १४० आणि गोइठहा येथे १२० दशलक्ष लिटरांची नवी केंद्रे झाली. आणि रमणा येथील ५० दशलक्ष लिटरांच्या केंद्राचा करार तर मला विशेष विचारपूर्वक केलेला वाटतो, कारण त्यात बांधकामाच्या काळी ठेकेदारास भांडवली खर्चाचे ४० टक्केच मिळतात आणि उरलेले ६० टक्के पुढील १५ वर्षांत, केंद्र खरोखर कसे चालते हे पाहून, हप्त्याहप्त्याने दिले जातात. बांधले की बिल वसूल झाले, मग केंद्र चालो वा न चालो, या जुन्या कारभारावर तो चांगला उतारा आहे. परंतु मलजल-केंद्र हे मलासाठी असते. रंगाचे, तेलाचे, आम्लाचे, औषधांचे पाणी त्यात शिरले तर त्यातील जंतूंचे काम बिघडते, आणि जे घटक त्या जंतूंना पचत नाहीत ते त्यातून जसेच्या तसे बाहेर पडतात. म्हणून शहराच्या टोकाशी कितीही मोठे केंद्र बांधले, तरी शहराच्या आत कोणत्या दारातून काय निघते हे जोवर कोणी लिहून ठेवीत नाही, तोवर त्या केंद्राचा भरवसा अर्धाच.

या दारांपैकी ज्याच्याविषयी मला सर्वांत अधिक सांगावयाचे आहे ते रंगाऱ्याचे दार. बनारसी शालू महाराष्ट्रात लग्नाच्या घरी किती आदराने येतो हे आपणास सांगावयास नको; पण तो शालू होण्यापूर्वी कच्चे रेशीम साबणाच्या आणि सोड्याच्या पाण्यात उकळावे लागते, आणि रेशमाच्या तंतूवरील जो डिंकासारखा थर त्या उकळण्यात निघून जातो तो कच्च्या रेशमाच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा असतो. हा थर म्हणजे प्रथिन; ते पाण्यात पडले की कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. त्यानंतर रंगाच्या कढया. मदनपुरा, अलईपुरा, पीलीकोठी, लोहता या मोहल्ल्यांत हे काम घरांच्या अंगणात, पडवीत, गल्लीच्या तोंडाशी चालते. करणारा रंगरेज रोजंदारीवर जगतो, त्याच्या फुप्फुसात वाफ जाते, हातांची कातडी सोड्याने फाटते, आणि त्याच्या कढईतले लाल किंवा हिरवे पाणी गल्लीतल्या नाल्यात पडून वरुणा नदीला मिळते. कायद्याच्या वर्गवारीत सूत-कापडाचे विरंजन व रंगकाम, जेथे सांडपाणी निघते तेथे, अतिप्रदूषक अशा लाल वर्गात मोडते. म्हणजे कायद्याच्या अक्षराप्रमाणे हा पडवीतला रंगरेज आणि एखादी मोठी गिरणी एकाच रांगेत उभी आहेत. व्यवहारात मात्र गिरणीची तपासणी होते आणि रंगरेज कोणत्याच वहीत नसतो. जेव्हा केव्हा एखाद्या न्यायालयाचा हुकूम येतो तेव्हा अचानक त्याच्या दारावर जप्तीची नोटीस लागते, महिनाभर चूल थंड राहते, आणि मग सर्व पूर्ववत होते. याने नदीचे हित होत नाही आणि माणसाचा मात्र घात होतो.

यावर मार्ग नाही असे नाही. तामिळनाडूत तिरुप्पूर येथे नोय्यल नदीच्या प्रश्नावर मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये शेकडो रंगकाम घटक बंद करविले, आणि त्या धक्क्यानंतर तेथील रंगाऱ्यांना सामायिक शुद्धीकरण केंद्रांतून पाणी पुन्हा वापरण्याजोगे करूनच काम सुरू करावे लागले. तिरुप्पूरचे रंगारी निर्यातीच्या पैशावर उभे होते. काशीचे रंगरेज तसे नाहीत, म्हणून तिरुप्पूरची नक्कल येथे जशीच्या तशी चालणार नाही. परंतु तत्त्व चालेल : विखुरलेल्या शंभर कढयांना शंभर नोटिसा देण्याऐवजी मोहल्ल्यापुरती एक सामायिक उकळण-जागा व रंगशाळा सरकारी मदतीने उभी करावी, तिचे एकच निर्गममुख असावे, एकच संमती असावी, आणि त्या संमतीचा तक्ता तिच्या दारावर असावा. आमच्या महाराष्ट्रातही इचलकरंजीच्या यंत्रमागांनी आणि प्रक्रियागृहांनी पंचगंगेची काय अवस्था केली हे कोल्हापूरकर जाणतात; तेथेही सामायिक केंद्र बांधले गेले आणि तेथेही प्रश्न पूर्ण सुटला नाही, कारण केंद्रापर्यंत न पोहोचता बाहेर पडणाऱ्या पाण्याची नोंद कोणी ठेवली नाही. यंत्रे आणि नोंद ही दोन्ही असल्याशिवाय हे काम पार पडत नाही, असा दोन्ही ठिकाणचा अनुभव आहे.

लॉज आणि उपाहारगृहे यांच्याविषयी थोडक्यात लिहितो. विश्वनाथ धामाचे उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ रोजी झाल्यापासून यात्रेकरूंची गर्दी ज्या प्रमाणात वाढली, त्या प्रमाणात जुन्या वाड्यांची अतिथिगृहे झाली. प्रत्येकाचे स्वयंपाकघर, प्रत्येकाचे चादरी धुण्याचे पाणी, प्रत्येकाची कूपनलिका. चौदा खोल्यांच्या एका घराचे पाणी फार नसते; पण घाटालगतच्या अरुंद गल्ल्यांखाली जे जुने गटार आहे ते अशा किती घरांसाठी कधी बांधले होते? रुग्णालयांच्या बाबतीत तर कायद्याने माझी मागणी आधीच मान्य केली आहे : २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रत्येक रुग्णालयाने ३० जूनपर्यंत वार्षिक अहवाल द्यावयाचा आणि तो आपल्या संकेतस्थळावरही ठेवावयाचा असतो. जे रुग्णालयाला लागू पडते ते हॉटेलाला का लागू पडू नये?

आता ज्यांच्यापाशी वह्या आहेत त्यांच्याविषयी. येथील रेल्वे इंजिनांचा कारखाना, ज्याने १९६४ साली पहिले डिझेल इंजिन राष्ट्रास दिले आणि ज्याचे नाव २०२० पासून बनारस रेल इंजिन कारखाना असे झाले, त्याने आयएसओ १४००१ या पर्यावरण-व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र पुष्कळ वर्षांपूर्वी मिळविले. हे मानक १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झाले. त्याचे सार असे की, संस्थेने आपल्या कामातून हवेत, पाण्यात व जमिनीवर काय जाते हे स्वतः शोधावे, ते कमी करण्याचे लक्ष्य ठरवावे, जबाबदार माणूस नेमावा, मोजावे, चुकले तेथे दुरुस्ती करावी आणि पुन्हा मोजावे. यात गूढ काही नाही. पेढीवरचा मुनीम रोज संध्याकाळी रोजकीर्द जुळवितो तेच काम मालाऐवजी मळाच्या बाबतीत करावयाचे. मोठ्या संस्थांच्या ठायी ही शिस्त आली हे मी मनापासून चांगले मानतो. परंतु मानक पाळल्याचे प्रमाणपत्र आणि कायदा पाळल्याचा पुरावा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि प्रमाणपत्र फाटकावर लागते व पुरावा कपाटात राहतो, ही स्थिती बदलावयास हवी. पर्यावरण (संरक्षण) नियमांतील चौदाव्या नियमानुसार, ज्याला संमती लागते अशा प्रत्येक घटकाने मागील आर्थिक वर्षाचे पर्यावरण-विवरण ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे द्यावयाचे असते. एका नगामागे पाणी किती लागले, कच्चा माल किती लागला, नेमलेल्या मर्यादेपासून निर्गम किती टक्के ढळला, घातक कचरा किती निघाला व कोठे गेला, आणि पुढील वर्षी प्रदूषण कमी करण्यासाठी किती पैसा घालणार, इतके सर्व त्यात लिहावयाचे असते. हा कागद इतका विचारपूर्वक रचलेला आहे की तो जर लोकांच्या नजरेस पडला, तर कोणत्याही मोहल्ल्यातील शाळामास्तरास आपल्या शेजारच्या कारखान्याची परीक्षा करता येईल. तो मंडळाच्या कपाटात जातो आणि तेथेच राहतो.

वही बंद ठेवल्याने काय होते याचे एक उदाहरण याच जिल्ह्यात घडले. मेहदीगंज येथील कोका-कोलाच्या बाटलीबंद पेयाच्या कारखान्याविरुद्ध गावकऱ्यांनी भूजलाच्या प्रश्नावरून अनेक वर्षे आंदोलन केले. जून २०१४ मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो बंद करण्याचा आदेश काढला, त्याच महिन्यात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो चालू करण्यास अनुमती दिली, आणि त्याच वर्षी विस्ताराचा बेत कंपनीने सोडला. या वादात कोणाचे किती खरे होते हे ठरविणे माझे काम नाही. परंतु इतकी वर्षे एका बाजूने विहिरी आटल्या म्हणून सांगावे, दुसऱ्या बाजूने पाऊस कमी झाला म्हणून सांगावे, आणि कारखाना रोज किती पाणी उपसतो व किती सोडतो याचा शासनाच्या शिक्क्याचा आकडा गावच्या चावडीवर लागलेला नसावा, हे गावकऱ्यांच्या दृष्टीने जितके वाईट तितकेच कारखान्याच्याही दृष्टीने वाईट होते. प्रामाणिक उद्योजकाला उघड्या वहीचे भय नसते. उलट तिच्यावाचून त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचे साधनच त्याच्यापाशी राहत नाही.

महोदय, आता सर्वांत अवघड गोष्ट. या शहरात गंगेला सर्वाधिक सांडपाणी देणारी संस्था कोणताही कारखाना नाही. ती स्वतः शहराची व्यवस्था आहे, म्हणजे महानगरपालिका आणि जलसंस्थान. एका सरकारी संस्थेने दुसऱ्या सरकारी संस्थेवर खटला भरावा हे आपल्या देशात क्वचितच घडते, आणि म्हणून खाजगी हॉटेलवाल्याला नोटीस मिळते व नाल्याच्या मुखाशी कोणीच उत्तरदायी राहत नाही. कायद्याला हे ठाऊक होते. मूळ अधिनियमाच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमान्वये शासकीय खात्याकडून अपराध झाल्यास खातेप्रमुखच अपराधी समजला जाई. वकील एम. सी. मेहता यांच्या गंगा-प्रदूषणावरील याचिकेवर जानेवारी १९८८ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने कानपूरच्या महापालिकेस जे आदेश दिले ते गंगाकाठच्या इतर सर्व नगरपालिकांस लागू केले. त्यांत वाराणसीही आलीच. आणि त्याही आधी, १९८० साली, माळव्यातील रतलामच्या नगरपालिकेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जो निर्णय दिला तो प्रत्येक दंडाधिकाऱ्याच्या मेजावर असावा असा आहे : गटारे बांधण्यास पैसा नाही ही सबब नगरपालिकेस चालणार नाही, आणि सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा दंडाधिकाऱ्याचा हुकूम तिला बंधनकारक आहे. तो अधिकार त्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमात होता. आज तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आहे, आणि तो आपल्या हाती आहे. २०१६ च्या गंगा प्राधिकरण आदेशाने जिल्हा गंगा समितीचे अध्यक्षपदही आपणाकडेच दिले. वरुणा व असी यांच्या प्रकरणात २०२४ साली हरित न्यायाधिकरणाने याच जिल्ह्याच्या प्रशासनास गंगाजलाविषयी थेट प्रश्न विचारले. अशा प्रश्नाला उत्तर देण्यासाठी अधिकाऱ्यापाशी आकडे असावे लागतात, आणि ते आकडे नोंदवहीतूनच यावयाचे.

अलीकडे कायद्याची दिशा बदलली आहे, हेही लक्षात घ्यावयास हवे. २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने पर्यावरण संरक्षण कायद्यातील बहुतेक अपराधांचा तुरुंगवास काढून १० हजारांपासून १५ लाखांपर्यंतचा दंड ठेवला. जल अधिनियमातही २०२४ साली तशीच दुरुस्ती झाली, आणि ती आरंभी हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेश यांना लागू होऊन इतर राज्यांनी ठरावाने स्वीकारावी अशी ठेवली. तुरुंगाच्या भयाने पर्यावरण सुधारते असे मला वाटत नाही. या कायद्यांखाली शिक्षा भोगलेली माणसे क्वचितच सापडतील. परंतु शिक्षेचे भय कमी करावयाचे तर लोकलज्जेचे साधन वाढविले पाहिजे, नाहीतर दंड हा धंद्याच्या खर्चातला एक हप्ता होऊन बसेल. मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून पर्यावरण व सामाजिक उत्तरदायित्वाचा अहवाल भागधारकांसाठी सक्तीचा केला. भागधारकाला जे सांगितले जाते ते शेजाऱ्याला का सांगू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

येथे काही श्रद्धाळू मित्र म्हणतील की गंगा स्वतःच सर्व शुद्ध करते, आणि ते हॅंकिन साहेबाचा दाखला देतील. आग्र्याचे सरकारी रसायन-परीक्षक हॅंकिन यांनी १८९६ साली गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू नष्ट होतात असे प्रसिद्ध केले, ही गोष्ट खरी आहे आणि तिला वैज्ञानिक मोल आहे. पण त्यांनी पटकीच्या जंतूंची परीक्षा केली होती. कृत्रिम रंगाची, डिझेलची किंवा शिशाची नव्हे. शिवाय हॅंकिनच्या काळाहून आज नदी कृश आहे : हरिद्वार, बिजनौर आणि नरोरा येथे कालव्यांनी उन्हाळ्यातले बहुतेक पाणी वळविले जाते, आणि काशीला जे पोहोचते त्यात वाटेवरच्या शहरांचा वाटा मोठा असतो. स्नानयोग्य पाण्यात दर लिटरमागे जैविक प्राणवायू-मागणी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाईल याचे माप, ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि दर १०० मिलिलिटरांत मलजंतूंची संख्या २,५०० पलीकडे जाऊ नये, असे मानक आहे. उलट कारखान्याला नदीत सोडावयास जे पाणी मान्य केले जाते त्यात तीच मागणी ३० मिलिग्रॅमपर्यंत चालते. म्हणजे पूर्ण कायदेशीर मोरीसुद्धा नदीच्या पाण्याने दहापट पातळ व्हावी या भरवशावर चालते. नदीतले पाणी जितके कमी, तितका प्रत्येक मोरीचा हिशेब कडक ठेवला पाहिजे, हे श्रद्धाळू व अश्रद्ध दोघांनाही मान्य व्हावे.

महाराष्ट्राचा पाढा मी येथे फार वाचणार नाही, कारण आमच्याकडेही अभिमानाचा विषय फार नाही. महाराष्ट्राने स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ साली, केंद्राच्याही पाच वर्षे आधी केला, आणि त्याचे मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले. तरीही उल्हास, पंचगंगा, मुळा-मुठा यांची स्थिती पाहिली तर केंद्राच्या आधी असण्याचा लाभ नद्यांना झालेला दिसत नाही. म्हणून ही विनंती मी बाहेरून येऊन शहाणपण शिकविण्यासाठी करीत नाही. जी गोष्ट माझ्या माहितीप्रमाणे कोठेच झाली नाही ती काशीत प्रथम व्हावी, अशी माझी इच्छा आहे, आणि गंगा कृती योजनेचा आरंभ ज्या घाटावर झाला त्या शहराचा त्यावर पहिला हक्क आहे.

तेव्हा आपण असे करावे. जिल्हा गंगा समितीच्या पुढील बैठकीत मंडळाच्या येथील प्रादेशिक कार्यालयास, पंचविसाव्या कलमाच्या नोंदवहीतील वाराणसी जिल्ह्याचा संपूर्ण उतारा हिंदीत सादर करावयास सांगावे, आणि तो प्रत्येक प्रभाग कार्यालयात, तसेच दशाश्वमेध, असी व आदिकेशव येथील घाटांवर लावावा. त्यात प्रथम नाव महानगरपालिकेचे असावे, मग जलसंस्थानाचे, मग सरकारी रुग्णालये व रेल्वे, आणि त्यांच्यामागून खाजगी माणसे; शासनाने आपली पाटी आधी लावली तर हॉटेलवाल्याला व रंगरेजाला कुरकुर करण्यास जागा राहणार नाही. प्रत्येक नावापुढे निर्गमाची जागा, परवानगीचे प्रमाण, शेवटच्या तपासणीची तारीख व तिचा निष्कर्ष, आणि संमतीची मुदत, एवढे चार रकाने पुरेत. ज्यांच्यापाशी संमतीच नाही त्यांची यादी निराळी असावी, आणि रंगकामाच्या मोहल्ल्यांपुरती ती दंडासाठी न वापरता सामायिक रंगशाळेच्या आराखड्यासाठी वापरली जावी. येत्या ३० सप्टेंबरला जी पर्यावरण-विवरणे दाखल होतील, त्यांच्या प्रती त्याच ठिकाणी वाचावयास ठेवाव्यात.

यास खर्च कागदाचा, छपाईचा आणि एका प्रामाणिक कारकुनाच्या काही महिन्यांच्या श्रमाचा. प्रभाग कार्यालयात बसून या नोंदी तपासावयास, मोहल्ल्यात जाऊन निर्गमाच्या जागा पडताळावयास आणि चुकीची नोंद दिसेल तेथे लेखी तक्रार द्यावयास आमच्या वस्तीतील काही सेवानिवृत्त मंडळी तयार आहेत; त्यांची नावे या पत्राच्या हिंदी प्रतीसोबत आपल्या कचेरीत दिली जातील. बैठकीची तारीख कळवावी.

आपला विश्वासू,
ब्रह्माघाट, काशी येथील एक मराठी रहिवासी